आप्पांनी वेगळी चूल मांडली

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला गॅलरीतून भर्रर्र असा आवाज सुरू झाला. आधी वाटलं, खाली कुणीतरी पाण्याची मोटर लावलीय. मग रॉकेलचा वास आला आणि मी परातीतलं पीठ तसंच टाकून, पिठाच्या हातांनी पळत गेले.

गॅलरी आप्पांच्या खोलीला लागून. तिथं पाटावर बसून माझे सासरे, वय वर्षं शहात्तर, पितळी स्टोव्हला पंप मारत होते. शेजारी नवंकोरं पातेलं आणि त्यात धुतलेले तांदूळ.

"आप्पा, हे काय?"

"भात टाकतोय."

"कुणाला?"

"मला."

"अहो, भाकऱ्या होतायत. वांग्याची भाजी झालीय. पाच मिनिटांत ताट वाढते."

"नको," ते म्हणाले आणि स्टोव्हच्या भोकात पिन घालून नीट फिरवली. "आजपासनं माझं मी करणार. माझी चूल वेगळी."

आता हे त्यांनी कसं म्हणावं? तर नळाचा वॉशर गेलाय, बदलायला पायजे, असं सांगतात ना, तसं. ना राग, ना रुसवा.

"माझं काही चुकलं का?"

"न्हाई."

"जेवणात काही कमी पडलं?"

"न्हाई."

"मग का?"

"पातेलं धर जरा," ते म्हणाले. मी धरलं. माझ्याच हातानं त्यांचा भात स्टोव्हवर चढला.

याला आता चौदा वर्षं झाली, पण त्या दिवशी तळपायाची आग जी मस्तकात गेली ती आठवली तरी अजून कान गरम होतात. कारण असं की मी तेव्हा कराडात अकरा डबे देत होते. इंजिनिअरिंगला आलेली पोरं, दोन बँकेतली माणसं, एक मास्तर. अकरा परकी माणसं माझ्या हातचं बोटं चाटून खायची, आणि ज्या माणसाला मी तेवीस वर्षं रोज गरम ताट वाढलं, तो गॅलरीत स्टोव्ह पेटवून बसला होता. डबे देणाऱ्या बाईच्या घरातलं माणूस वेगळं शिजवून खातं म्हटल्यावर लोक काय समजतील, ते सांगायला ज्योतिषी नको.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे माझे यजमान प्रताप. आमची तेजल, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आप्पा आणि मी. सासूबाई जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. यांची धाकटी बहीण कुंदा नवऱ्याशी पटलं नाही म्हणून निघून आलेली, पण ती चिपळूणला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला होती आणि तिथंच राहायची. भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं यायची आणि ओवाळून दुपारच्या गाडीनं परत. जेव म्हटलं की, पोट भरलंय वहिनी, वाटेत खाल्लं. मीही फार ताणून धरायची नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे आधी हसले. मग गॅलरीत गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी विचारलं, हेमा काही बोलली का. म्हणाले, न्हाई. मी विचारलं, मग मी काही बोललो का. म्हणाले, तू कवा बोलतोस?"

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"काय बोलणार? खरं आहे ते."

असा हा आमचा घरधनी. बापापुढं उभा राहिला की पन्नाशीचा माणूस चौथीतला होतो.

मला वाटलं होतं, म्हातारपणाची लहर आहे, दोन दिवस भात करपला की येतील ताटावर. कसलं काय. भात करपला, त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी गिचका झाला, तोही खाल्ला. चौथ्या दिवशी बाजारातून दोन ताटं, दोन वाट्या, दोन तांबे घेऊन आले.

"दोन दोन कशाला?" मी विचारलं. "एकट्यालाच करायचंय ना?"

"एक धुवायला पडलं तर?"

खोलीत त्यांनी फळी ठोकली. त्यावर डाळ, तांदूळ, तिखट-मिठाचे डबे, प्रत्येकावर स्केचपेननं नाव. एसटीच्या डेपोत मेकॅनिक असताना सुट्या भागांच्या डब्यांवर लिहायचे तसं. अडीच खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर दुसरं स्वयंपाकघर उभं राहिलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बरं, स्टोव्ह तरी कसला? पेटला की तिन्ही मजल्यांना कळायचं, माने मास्तरांपासून वॉचमनपर्यंत, की आता आप्पांची आमटी चढली.

तेजलला मात्र मजा. "आई, आज मी आप्पांकडं जेवते," असं म्हणायची. आप्पांकडं म्हणे. जशी काही दुसऱ्या गावाला निघाली.

एकदा मी मटकीची उसळ केली. आप्पांना आवडते म्हणून राग गिळून वाटीभर पाठवून दिली. संध्याकाळी वाटी परत आली, तर तिच्यात शेंगदाण्याची चटणी. शेजारीण भाजी देते तेव्हा तिची वाटी आपण रिकामी परत देत नाही, काहीतरी घालून देतो, तसं. माझ्या घरातली वाटी, माझ्याच घरात, माझ्याच सासऱ्यानं शेजारधर्म पाळून भरून परत केली. मी ती चटणी ओट्यावर ठेवली आणि भांडी घासताना इतकी आदळली की तेजल म्हणाली, आई, भांड्यांनी काय केलंय तुझं?

याच्यावर कडी म्हणजे पाटणकर काकू. समोरच्या दारात राहायच्या. आप्पा एके दिवशी उठून त्यांच्याकडं गेले आणि विचारून आले, कढीगोळ्यांचे गोळे फुटू नयेत म्हणून काय करायचं. अहो, मी घरात होते. जितीजागती. अकरा डबे भरत होते. मला नाही विचारलं. समोरच्या बाईला जाऊन विचारलं.

काकू लगेच साडीचा पदर सावरत आल्या.

"हेमा, मनाला लावून घेऊ नकोस हो. घरोघरी मातीच्या चुली."

"आमच्याकडं दोन आहेत, काकू."

"तेच म्हणते मी. पण झालं काय नेमकं? काही शब्दानं शब्द वाढला का?"

"काही झालं नाही."

"काही झाल्याशिवाय का या वयात पुरुषमाणूस गोळे वळतं?" काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच विचार करायला लागले, आपण खरंच काही केलं का.

महिनाभर हे चाललं. आठवड्यातून तीनदा कढीगोळे. गोळे फुटायचे, कढीचं पिठलं व्हायचं, आप्पा ते निमूटपणे संपवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा मांडायचे. मी रडून पाहिलं. अबोला धरून पाहिला. त्यांचं एकच, "तुझ्यावर राग न्हाई माझा." राग असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. या माणसानं ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग तो बुधवार आला. मी डबे देऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई भेटल्या. त्यांचा भाचा कॉलेजला येणार होता आणि त्याच्या डब्याचं त्यांनी आठ दिवसांपूर्वी माझ्याशी बोलून ठेवलं होतं.

"मग एक तारखेपासून सुरू करायचा ना?" मी विचारलं.

"नको, राहू दे सध्या," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका ताई. पण तुमच्या घरातलंच वडीलधारं माणूस तुमच्या हातचं खात नाही म्हणतात. म्हटलं, काहीतरी असेल."

त्या निघून गेल्या. मी रिकाम्या डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन जिन्यात तशीच उभी. वर्षानुवर्षं पहाटे पाचला उठून जे नाव कमावलं, ते या स्टोव्हच्या धुरात गेलं, असं मला झालं. दार उघडून सरळ गॅलरीत गेले. आप्पा वाचनालयात गेले होते. खाली भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली.

मी स्टोव्ह उचलला, तसाच खाली नेला आणि देऊन टाकला. बदल्यात त्यानं निळी प्लॅस्टिकची बादली दिली, ती घेऊन वर आले. हातपाय धुतले. इतका हलका जीव महिन्याभरात झाला नव्हता.

बाराला आप्पा आले. गॅलरीत गेले, परत आले.

"हेमा, स्टोव्ह कुठाय?"

"भंगारात दिला."

मला वाटलं, आता ओरडतील. मी पदर खोचून तयारच होते, महिन्याचं सगळं बोलायचं होतं. पण ते खाटेवर बसले. एका पायातली चप्पल काढलेली, दुसरी तशीच.

"परवा शुक्रवारी कुंदा यायची हाय," ते म्हणाले.

"येऊ दे की. तिच्यासाठी मी पुरण घालते. त्याला स्टोव्ह कशाला हवा?"

"ती ऱ्हायला यायची हाय. कायमची. वसतिगृह बंद होतंय तिचं. उन्हाळ्यानंतर मुली घेणार न्हाईत. तिला जागा न्हाई."

"मग त्यात काय? तिला या घरात कोण नको म्हणणार होतं? मला एका शब्दानं विचारायचं."

"तुला विचारलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस. ते मला ठाव हाय."

"मग?"

"तिनं न्हाई म्हटलं असतं."

मला काही कळेना. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"तुझ्या सासूच्या तेराव्यानंतर कुंदा इथं व्हती," आप्पा म्हणाले. "अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी बॅग भरून गेली."

"नोकरी लागली म्हणून गेली."

"नोकरी तिनं नंतर शोधली. आधी पंधरा दिवस मैत्रिणीकडं पडून व्हती." त्यांनी दुसरी चप्पल काढली आणि पहिलीशेजारी नीट ठेवली. "त्या दिवशी तू सैपाकघरात प्रतापला सांगत व्हतीस. एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत, आन् एका चुलीपाशी दोन बायका ऱ्हात न्हाईत. कुंदा दाराशी उभी व्हती, पाण्याचा तांब्या घेऊन. मी तिच्या मागं."

खरं सांगते, मला आठवेना. मी म्हणणार होते की मी असं बोललेच नाही. मग हळूहळू आठवलं. डब्यांची घाई होती. कुंदानं मदत म्हणून माझे सगळे मसाल्याचे डबे धुऊन, पुसून, तिच्या पद्धतीनं लावून ठेवले होते आणि मला ऐन वेळी हळद सापडेना. मी चिडले होते. ते वाक्य मी म्हटलं होतं, आणि हे हसले होते, म्हणून मी ते पुन्हा एकदा जरा मोठ्यानं म्हटलं होतं.

"मी चार-पाच खेपा चिपळूणला गेलो," आप्पा म्हणाले. "म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, आप्पा, घर दादाचं आहे, तो नाही म्हणणार नाही. पण बाईमाणसाचं घर म्हणजे चूल. आईची होती तोवर ती माझी होती. आता ती वहिनीची. तिथं मी विचारून चहा करायचा आणि विचारून भात टाकायचा, हे या वयात मला जमायचं नाही. म्हटलं, बरं. चूल पायजे ना? मग चूल मांडू. मला मेकॅनिकला दुसरं काय सुचणार?"

"मग स्टोव्ह आणून ठेवायचा होता गुपचूप. हे महिनाभर शिजवणं कशाला? त्या पाटणकर काकूंकडं जाणं कशाला?"

"थंड चूल दाखवली असती तर तिला कळलं असतं, बापानं नाटक केलंय. रोज पेटलेली पायजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाव पायजे. तिनं कुणाला विचारलं तर त्यांनी सांगाय पायजे, तुझा बाप वेगळं करून खातो, त्याला हाताखाली माणूस पायजे. म्हंजे मग ती बापाच्या घरी आली असं हुतंय. वहिनीच्या न्हाई. मी हॉलमधी झोपीन, खोली तिला."

"आणि कढीगोळे?"

"तिला आवडत्यात. तिची आई करायची."

मला रडू आलं असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण नाही आलं. रागच आला. आधी त्यांचा, मग माझा, मग पुन्हा त्यांचा.

"आप्पा, आणि माझी अब्रू? माझ्या हातचं खाऊ नये असं लोक बोलतात. ते नाही का दिसलं तुम्हाला?"

"दिसलं," ते म्हणाले. "तुझ्याकडं हाय, थोडी गेली तर भरून येईल असं वाटलं. तिच्याकडं काय ऱ्हायलं न्हवतं. चुकलं आसंल माझं."

"मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"तुला नाटक येत न्हाई, हेमा. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

मी उठले. त्यांना ताट वाढून आणलं. त्यांनी खाल्लं नाही. हट्टानं नाही, नुसतेच ताटाकडं बघत बसले. महिनाभर ज्या गोष्टीसाठी मी जीव टाकला होता, ती माझ्या ताटातली भाकरी त्यांच्यापुढं होती आणि त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

गुरुवारी डबे लवकर पोचवले आणि भंगारवाल्याच्या मागं फिरले. दोन दुकानं पालथी घातली. पितळ वितळायला गेलं, ताई, असं एकानं सांगितलं. मंडईच्या मागच्या बोळातल्या दुकानात नवा स्टोव्ह मागितला, तर तो म्हातारा दुकानदार म्हणाला, आता हे कोण घेतंय, आम्ही ठेवत नाही. भर उन्हात मी त्या बोळात उभी होते आणि माझी मलाच चीड येत होती. ज्या चुलीपायी महिनाभर मी घर डोक्यावर घेतलं, ती आता मीच दारोदार शोधत होते.

घरी आले, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. माळ्यावर सासूबाईंची दोन बर्नरची जुनी गॅसची शेगडी होती. माझे डबे वाढले तेव्हा मी तीन बर्नरची नवी घेतली आणि ही वर टाकली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, टाकू नकोस गं, असू दे. मी म्हटलं होतं, वर असू दे मग.

खाली उतरवली तर तिच्यावर बोटभर धूळ, बर्नर गंजलेले, एक बटण नीट बसत नव्हतं. आप्पांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"चालेल का बघा."

त्यांनी शेगडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. खाटेखालची हत्याराची पेटी ओढली. दुपारभर आम्ही दोघं गॅलरीत बसलो. ते बर्नर खरवडत होते, मी सोड्यानं शेगडी घासत होते. माझा जादाचा सिलेंडर मी गॅलरीत सरकवला. घरातून गोडा मसाला, चिंच, गूळ, पोह्यांचा डबा, एक पोळपाट आणून त्यांच्या फळीवर लावलं. कुठला डबा कुठं ठेवायचा ते ठरवलं नाही, ती ठरवेल म्हणून तसंच ठेवलं.

हे संध्याकाळी आले आणि दारातच थांबले.

"हेमा, तू मांडतेस ही?"

"मग काय, तुम्ही मांडणार होता?"

त्यांनी अधिक काही विचारलं नाही. या एका गुणावर मी संसार केला.

शुक्रवारी साडेअकराला कुंदा आली. तेव्हा ती चव्वेचाळीसची, पण केस बरेच पिकलेले. हातात एकच पिशवी.

"सामान कुठं आहे?" मी विचारलं.

"आधी बघून जाते, वहिनी," ती म्हणाली. "आप्पा म्हणतात, त्यांना हाताखाली माणूस पाहिजे. वेगळं करतात म्हणे."

"करतात," मी म्हटलं. "महिना झाला. सगळ्या बिल्डिंगला विचार."

तोंडावर काय दिसलं असेल ते असो. ती आप्पांच्या खोलीत गेली. मी दाराशी उभी राहिले. गॅलरीच्या उंबऱ्यावर जाऊन ती थबकली. मग खाली वाकली आणि शेगडीच्या कडेवरून हात फिरवला.

"ही आईची शेगडी."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"माळ्यावर होती ना? कुणी काढली?"

मी मानेनं नको नको म्हणत होते. आप्पांना खोटं बोलता येत नाही, महिनाभर नाटक करता येतं पण एक वाक्य खोटं बोलता येत नाही.

"हेमानं."

कुंदानं वळून बघितलं नाही. मी स्वयंपाकघरात परत आले. पाच माणसांचा स्वयंपाक करून ठेवला होता. पुरण शिजलेलं, फक्त पोळ्या लाटायच्या होत्या. कढई पुसली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. तिकडं गॅलरीत काडी ओढल्याचा आवाज आला. मग पातेल्याचा. मग मोहरी तडतडली. तो आप्पांचा हात नव्हता. आप्पांची मोहरी नेहमी जळायची.

तासाभरानं कुंदा माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आत पाऊल टाकलं नाही.

"वहिनी, डबे गेले का सगळे?"

"गेले."

"दादा, तेजल?"

"ते संध्याकाळीच येतात."

"मग जेवायला या," ती म्हणाली. "आमच्याकडं."

आमच्याकडं. माझ्याच घरात मला आमच्याकडं. माझा स्वयंपाक झालाय गं, पुरण केलंय तुझ्यासाठी, हे सगळं जिभेवर आलं होतं. मी गॅस बंद केला, पुरणावर झाकण ठेवलं आणि तिच्या मागून गेले.

गॅलरीत दोन पाट मांडले होते. ताटं दोनच. एकावर आप्पा बसलेले, दुसऱ्यावर तिनं मला बसवलं आणि ती वाढायला लागली. तेजल झाली त्या बाळंतपणानंतर या घरात मी बसलेय आणि कुणीतरी मला वाढतंय, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. हात कुठं ठेवावेत ते कळेना. दोनदा उठायला गेले, मीठ आणते, पाणी आणते म्हणून. ती म्हणाली, बसा, सगळं आहे.

चार घास गेले. आप्पा खाली मान घालून जेवत होते. मला राहवेना.

"कुंदा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"आप्पांनी सांगितलं वाटतं."

आप्पांनी ताटातली मिरची बाजूला काढून ठेवली.

"डब्यांची घाई होती गं," मी म्हटलं. "रागात तोंडातून गेलं. मनात तसं काही नव्हतं."

"होतं, वहिनी," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सरळ आवाजात. "आणि तुम्ही खोटं काही बोलला नव्हता. खोटं असतं तर मी भांडले असते आणि राहिले असते."

माझ्या जिभेचा मला फार भरवसा. सत्तेचाळीस वर्षांत ती कधी अडली नव्हती. त्या दिवशी अडली. ताटातला भात संपला होता.

"भात घालू?" कुंदानं विचारलं.

"घाल," मी म्हटलं. मग म्हटलं, "सामान कधी आणतेस?"

तिनं भात वाढला, त्यात पळीनं खळगा केला आणि आमटी घातली.

"सोमवारी," ती म्हणाली.

आमटीत मीठ जास्त झालं होतं. मी आणखी एक पळी मागून घेतली.